गाण्याखालची सही

लग्नसराईच्या दिवसांत द्वारकेच्या रहिवाशाने निद्रेवर भरवसा ठेवू नये. गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या सेक्टरातील मंडपातून लताबाईंचे एक जुने विरहगीत ऐकू आले. आवाज त्यांचाच, पण त्याची गती वाढविलेली, ओळी मध्येच तोडलेल्या आणि खाली ढोलाचा अखंड ठोका. विरहिणीला जणू वरातीत नाचावयास लावले होते. मंडळी रंगून गेली होती आणि खरे सांगावयाचे तर आमचाही पाय क्षणभर हलला. त्या पायानेच आम्हांस विचारात पाडले. ज्याने इतक्यांना आनंद होतो ते अनुचित कसे म्हणावे?

उसनवारीला नाक मुरडण्याचा अधिकार तर आम्हां मराठी माणसांस मुळीच नाही. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’तील पदांसाठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांच्या चाली मोकळ्या मनाने घेतल्या. तुकोबांचा अभंग तर प्रत्येक कीर्तनकार आपापल्या चालीत म्हणतो. गाणे गळ्यागळ्यांतून बदलत जाते म्हणूनच जगते. मग मंडपातल्या त्या गाण्यानेच आमचे मन का खट्टू व्हावे?

उत्तर आम्हांस कचेरीत सापडले. दुसऱ्याने सही केलेल्या टिपणातील शब्द कोणी खोडीत नाही. मग तो वरिष्ठ असो वा कनिष्ठ. मत पटले नाही तर त्याखाली आपले टिपण लिहावे आणि आपली सही करावी, हा दंडक. टेंब्यांनी जे केले ते नवे टिपण होते. त्याच्या गुणदोषांचे धनी ते स्वतः. मंडपात मात्र मजकूर बदलला होता आणि सही जुनीच राहिली होती. ऐकणारा प्रत्येक जण ‘लताबाईंचे गाणे’ असेच म्हणत होता.

कोणी म्हणेल, हक्क कंपनीने विकत घेतलेले असतात. कलावंताचा आता संबंध काय? ‘दिल्ली-६’ (२००९) या चित्रपटातील ‘मसकली’ची नवी आवृत्ती २०२० साली निघाली, ती हक्कधारक कंपनीनेच काढली होती. तरीही ए. आर. रहमान यांनी मूळ कृतीमागील दोनशेहून अधिक वादकांचे आणि वर्षभराच्या चिंतनाचे जाहीर स्मरण दिले. त्यांचे दुःख आम्हांस कळते. फाइल सरकारच्या मालकीची असते. टिपणातील मत मात्र सही करणाऱ्याचेच राहते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही हाच भेद मानतो. हक्क विकल्यावरही, कृतीच्या विरूपणाने आपल्या लौकिकास बाध येत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार त्याचे ५७ वे कलम कर्त्याकडे ठेवते. २०१२ च्या दुरुस्तीने असाच अधिकार गायक-वादकांनाही मिळाला. याच दिल्लीत विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडले गेले म्हणून अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. २००५ साली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देवविले, वर पाच लाख रुपये भरपाईही. शिल्पाचे दाम सरकारने मोजले होते. शिल्पकाराचा मान त्या दामात आला नव्हता.

कलावंताची हुकमत अमर्याद असावी असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले तर गाणी कुलुपात पडतील. लताबाईंनीही २०१८ साली जाहीर खेद व्यक्त केला तो जुने गाणे पुन्हा गाण्याबद्दल नव्हे, तर ते विद्रूप करण्याबद्दल. २०२२ साली त्या गेल्या. आता त्यांना विचारता येत नाही, आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी उलट वाढते. अनुमती मिळाली तर उत्तम. न मिळाली तर स्वतःचे गाणे रचावे. सात सुरांवर कोणाचीच मालकी नाही.

आमचा पाय हलला याची लाज आम्हांस वाटत नाही; ठेका असला की पाय हलणारच. पण त्या ठेक्यासाठी कोणाच्या सहीखालचा मजकूर खोडला गेला, हे नाचून झाल्यावर तरी स्वतःस विचारावे.