जुळवून घेणं

पॅकिरुकोस दिसायला ससा होता. लांबी जेमतेम एक फूट, शेपटी तोकडी, मागचे पाय लांब आणि पुढचे दात उंदरासारखे आयुष्यभर वाढत राहणारे. दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी तो पॅटागोनियात राहायचा. १८८५ मध्ये अर्जेंटिनाच्या फ्लोरेंटिनो अमेगिनो यांनी त्याला हे नाव दिलं. पण तो ससा नव्हता, उंदीर तर नव्हताच. दक्षिण अमेरिकेतल्या खूरवाल्या प्राण्यांचा एक मोठा वंश अख्खा नामशेष झाला, त्यातला हा एक. त्याच वंशातल्या टॉक्सोडॉनच्या हाडांमधली प्रथिनं २०१५ मध्ये तपासली गेली, तेव्हा नातं निघालं घोड्या-गेंड्यांशी.

म्हणजे घोड्याच्या गोतातला, आणि तोंड उंदराचं. हे तोंड त्याला कामाने दिलं.

आमच्याकडे बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडतं, कारण दात संपले की जनावर संपलं. गवतात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. वरून धूळ, ज्वालामुखीची राख. दात झिजवलं कोणी, गवताने की राखेने, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद चालू आहे. एवढं खरं, की ज्यांचे दात जास्त वाढत गेले त्यांची पिल्लं जास्त जगली आणि लाखो वर्षांत सगळ्यांचेच दात तसे झाले. याला आपण परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणतो. यात गुन्हेगार कोणी नाही. गवताने कट केला नव्हता.

ऊसही गवतच. आणि मी बीडचा असल्यामुळे ऊस म्हटलं की मला ‘कोयता’ आठवतो. दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणी, शिरूर कासारची गावं रिकामी होतात आणि ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसं, आणि नाव हत्याराचं. एकटा दात सापडला तरी त्यावरून अख्ख्या प्राण्याला नाव मिळतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे माणसं समोर उभी असतात.

यातल्या बाईला पाळी आली की खाडा पडतो. खाड्याचा दंड उचलीत धरला जातो. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. साधारण सहा जणींत एक. गावाकडे याला ‘पिशवी काढणं’ म्हणतात, किराण्याची पिशवी रिकामी करावी इतक्या सहज. काहींना कॅन्सरची भीती घातलेली होती. काहींनी हंगाम बुडू नये म्हणून स्वतःच विचारलं.

चहाच्या टपरीवर मी हे ऐकलंय: “काय करणार, परिस्थितीशी जुळवून घेतलं बायांनी.” वाक्य सहानुभूतीचंच आहे, पण माझा आक्षेप त्यालाच आहे. पॅकिरुकोसच्या बाबतीत हे शब्द खरे आहेत. त्याच्यावर उचल नव्हती, त्याला दंड लावणारं कोणी नव्हतं. फडात मात्र दर, दंड, संडास नसणं हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते बदलता येतं. माणसाच्या निर्णयाला निसर्गाचा शब्द चिकटवला की ठरवणारा दिसेनासा होतो. “तिने स्वतः सही केली” हेही मला पुरेसं वाटत नाही. दुसरा पर्याय समोर ठेवला असता तर सहीला काही अर्थ होता.

शिवाय जीवशास्त्रातही हे जुळवून घेणं बसत नाही. पॅकिरुकोसचे दात त्याच्या पिल्लांना मिळत होते. ऑपरेशन पिढीत उतरत नाही. आईबरोबर फडावर गेलेली मुलगी पाचटात खेळते, पुढे वाढं गोळा करायला लागते, बाराव्या-तेराव्या वर्षी तिला पाळी येते. तोवर मुकादमाकडे तिचं लग्न झाल्यावरच्या कोयत्याची बोलणी सुरू झालेली असतात.