भरतीच्या वेळी, केळशीच्या पुळणीवर

हिवाळ्यातल्या सकाळी केळशीच्या पुळणीवरून भारजेच्या मुखाकडे चालत जा. पक्ष्यांचा थवा लांबूनच दिसेल. तिथेच थांबा, सुरूबन पाठीशी घ्या आणि वाळूवर बसा. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे कोवळं ऊन मागून येऊन थेट पक्ष्यांच्या अंगावर पडतं. कॅमेरा मांडीवरच असू द्या.

आजची तिथी आठवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब. आज द्वादशी असेल, तर साधारण नऊ. म्हणजे आत्ता पाणी चढतं आहे. ओहोटीत पांगून चरणारे पक्षी आता उरलेल्या कोरड्या वाळूवर दाटीने गोळा होतील. त्यांच्याकडे सरकायचं कारण नाही. पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं आहे.

श्वास संथ होऊ द्या. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे आहेत बघा. पाठीमागून वारा आला तर पिसं विस्कटतात. काहींनी एक पाय पोटाशी ओढून घेतला आहे. लाटेच्या कडेने लगबगीने धावणारे ते फिकट, चिमुकले पक्षी सँडरलिंग, थेट आर्क्टिकचे. त्यांना मागचं बोट नसतं. ओल्या वाळूत तीनच बोटांचा ठसा उमटतो आणि पुढची लाट तो पुसून नेते.

आता थव्यातला एकच कुरव, म्हणजे सीगल, निवडा. बाकीचे असू द्या. लाल चोच, टोकाला काळी. डोळ्यामागे काळसर डाग. दुर्बिणीतून डोळाच पाहा: बुबुळाचं कडं फिकं, जवळजवळ पांढरं. हा तपकिरी डोक्याचा कुरव. थंडीत मात्र डोकं पांढरं असतं. याचे भाऊबंद लडाखच्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांकाठी, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, घरटी करतात. हा नेमका कुठून आला, ते त्याचं त्याला ठाऊक. हिमालयापलीकडून येऊन तो इथे, समुद्रसपाटीला, डोळे अर्धवट मिटून उभा आहे. जरा वेळ त्याच्याबरोबर नुसते राहा.

ही झोप प्रवासाचाच भाग आहे. अंगावर चरबी साठवायची, पिसं बदलायची आणि पुन्हा उत्तरेला निघायचं, हे सगळं याच वाळूवर चालतं. उडत्या थव्याच्या फोटोसाठी कुणी धावत सुटतं, तेव्हा त्या पक्ष्यांची कमावलेली शिदोरी फुकट जळते. मुंबईत शेव-गाठ्या उधळून कुरव जवळ बोलावतात, तेही मला पाहवत नाही. त्यांचं अन्न मासे, खेकडे, किडे. तळलेलं पीठ नव्हे.

आता कॅमेरा उचला, सावकाश. पोटावर पालथे झालात तर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत याल. मागे गडद पाणी असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. एखाद्याने मान ताठ केली, दोघे-तिघे चालू लागले, की तुम्ही जास्त जवळ आहात. तसेच मागे सरका.

एक-दोन फोटो पुरेत. आजचा नीट जपून ठेवा आणि मार्चमध्ये पुन्हा याच जागी बसा. तेव्हा काहींच्या पांढऱ्या डोक्यांवर तपकिरी पिसं चढू लागलेली असतील, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंत परतीची तयारी तुम्हाला दिसेल.