कच्चं मडकं आणि प्रॉडक्ट मॅनेजर



आज चिंतनाला नामदेव महाराजांची मडक्याची कथा. माझं गाव जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ. महाराजांचं नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातलं, आणि या कथेचा उत्तरार्ध घडतो तो औंढ्याच्या मंदिरात. त्यामुळे कथा लहानपणापासून कानावर आहे. पण कोड लिहिता लिहिता प्रॉडक्ट मॅनेजर झालो, तेव्हा ती जरा वेगळी कळायला लागली.

संतमंडळी जमलेली. मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले. निकाल लागला, हेच मडकं कच्चं!

आता नामदेव म्हणजे कोण? ज्यांच्या हातून साक्षात विठ्ठल जेवला ते. टीममधला सगळ्यात लाडका, थेट वरपर्यंत ओळख असलेला माणूस म्हणा ना. असा माणूस दुखावला की वर तक्रार करतो. नामदेवही विठ्ठलाकडे गेले. (खरं सांगू? सगळ्यांसमोर डोक्यात थापटणं घालणं ही फीडबॅकची पद्धत मलाही पटत नाही.) पण देवाने बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणाला, आणि विसोबा खेचरांकडे पाठवलं.

औंढ्यात येऊन बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव पुन्हा भडकले. विसोबांनी वाद घातला नाही. म्हातारा झालोय, देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव, एवढंच म्हणाले. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंडी.

मी दरवेळी इथे थांबतो. लोक नाहीत, प्रवचन नाही. उत्तर नामदेवांच्या स्वतःच्या हातांना सापडलं. आणि हेच विसोबा एकेकाळी ज्ञानेश्वर भावंडांना छळायचे असं परंपरा सांगते. कच्चं असणं म्हणजे काय, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

आमच्या कामात डेव्हलपर, डिझायनर, टेस्टर सहसा प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसतात. हुकूम चालत नाही. एका रिलीजच्या आदल्या दिवशी आमची टेस्टर म्हणाली, हे कच्चं आहे. डेव्हलपर तापला. मी दोघांना बाजूच्या खोलीत नेलं. तिने बगची यादी वाचली नाही, मोबाईल त्याच्या हातात दिला. "माझी आई चष्मा नसताना भरते तसा हा फॉर्म भरून बघ." चार मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "दोन दिवस थांबूया."

नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले, परक्या भाषेच्या लोकांत त्यांचे झाले. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. नरसीला गेलात तर दर्शनाला पंजाबातून आलेले शीख भाविकही भेटतील. दोन शब्द बोला त्यांच्याशी, आपल्या नामदेवांना ते बाबा म्हणतात.

राम कृष्ण हरी 🙏