जीर्ण अक्षरांचे उत्तरकार्य

ज्या लेखावर परमेश्वराचे नाम आले तो जीर्ण झाला, फाटला, वाचनास निरुपयोगी ठरला, तरी त्याचा हेतुपुरस्सर नाश करावयाचा नाही, मनुष्यदेहाप्रमाणे त्याला सन्मानाने भूमिगत करावयाचे, असा ज्यू धर्माचा दंडक आहे. आणि दफन होईपर्यंत असे कागद ज्या कोठडीत टाकीत तिला गेनिझा म्हणतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या गेनिझात दफनाची ती वेळ शतकानुशतके आलीच नाही. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर विवाहाचे करारनामे, व्यापाऱ्यांचे हिशेब, मुलांची मुळाक्षरे, इतकेच काय, बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूला एडनहून आलेली पत्रेसुद्धा, बव्हंशी पवित्र मानलेल्या हिब्रू लिपीच्या पुण्याईने, तेथे तगून राहिली. १८९६-९७ च्या हिवाळ्यात सॉलोमन शेख्टर यांनी त्या संग्रहाचा फार मोठा भाग केंब्रिज विद्यापीठासाठी मिळविला. तेथील ग्रंथालयात आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

अलीकडे या तुकड्यांची छायाचित्रे संगणकावर आली, आणि एकाच पानाचे निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयांत विखुरलेले अवशेष हस्ताक्षराच्या वळणावरून जुळविण्याचे काम यंत्रेही करू लागली. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु पडद्यावर उमटलेले परमेश्वराचे नाम पवित्र मानावे काय? अनेक अर्वाचीन ज्यू धर्मशास्त्र्यांनी निर्णय दिला आहे, की तो क्षणोक्षणी नव्याने उजळणारा प्रकाश आहे, लेखन नव्हे. सबब तो पुसण्यात दोष नाही.

आपल्याकडील मीमांसकांना या निर्णयाचे नवल वाटले नसते, मात्र त्यांचे कारण अगदी निराळे असते: शब्द नित्य आहे, उच्चार त्याला केवळ व्यक्त करतो, तेव्हा भूर्जपत्र जळाले काय आणि पडदा विझला काय, शब्दाचे काहीच बिघडत नाही. सिद्धांत म्हणून हे भव्य आहे. पण ग्रंथपालाच्या हाती तो दिल्यास एकही पोथी वाचवण्याचे प्रयोजन उरणार नाही. मला येथे गेनिझाचा पक्ष अधिक खोल वाटतो, कारण शब्दाला देह असतो आणि तो देह मरतो हे त्याने मान्य केले आहे. शाई कशाची, कागद कोठल्या घडणीचा, खरवडलेल्या अक्षराखाली पूर्वी काय होते, हे पुढच्या पिढीचे प्रश्न अस्सल तुकड्यालाच विचारता येतील. नकलेत तेवढेच उतरते जेवढे नक्कल करणाऱ्याच्या साधनाला त्या दिवशी दिसले.

केंब्रिजने प्रतिमा जगाला खुल्या केल्या आणि अस्सल तुकडे पारदर्शक वेष्टनांत घालून जपले. प्रतिमा झाल्या, आता मूळ दस्तऐवजांच्या जागेचा व निगराणीचा खर्च कशाला, असे म्हणणारा कारभारी कोणत्याही विद्यापीठात निघेल. त्याची ती मागणी नामंजूर करावी.