मांडीवरचा राजा

पेमगिरीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा एका शाळेची सहल माझ्या आधीच वर आली होती. पेमाई देवीच्या देवळापाशी चपलांचा ढीग पडला होता. काही पोरं खडकात खोदलेल्या टाक्यांत वाकून बघत होती, काहींनी डबे उघडले होते आणि वाऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता. गुरुजी सांगत होते, "याच गडावर शहाजीराजांनी बाळ निजामशहाला मांडीवर घेऊन राज्य चालवलं." पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्याची आई कुठं होती?" सर हसले, पोरं हसली आणि गोष्ट शिवनेरीकडं निघून गेली.

मी मात्र त्या 'मांडीवर'पाशीच अडकलो. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं असेल, पण संगमनेर तालुक्यातल्या त्या अरुंद, वारा खाणाऱ्या माथ्यावर ते वेगळंच ऐकू आलं.

आपल्याकडं मांडीवरून माणसाची जागा कळते. दत्तक घेणं म्हणजे मांडीवर घेणं. बरोबरीच्या माणसाशी आपण मांडीला मांडी लावून बसतो, आणि हक्काच्या घरात ऐसपैस मांडी घालून. राजाला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. आपल्या गादीवर मांडी घालून बसता आलं पाहिजे आणि शेजारच्या राजाच्या मांडीला मांडी लावता आली पाहिजे. पेमगिरीवरच्या मुलाच्या वाट्याला फक्त पहिली आली. आता मांडी म्हणजे काही सिंहासन नव्हे. ती जिवंत माणसाची असते, तिला मुंग्या येतात, ती अवघडते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणूस उठून उभा राहिला की मांडी नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही.

निजामशाहीला ही सवय पेमगिरीच्या बऱ्याच आधी लागली होती. मलिक अहमदनं १४९० साली बहमनी फौजेला हरवून स्वतःचं राज्य मांडलं आणि चार वर्षांनी नगर वसवायला घेतलं, तेव्हा तो स्वतःच्या पायावर उभा होता. शंभर वर्षांनी चित्र पालटलं. अकबराच्या फौजा नगरच्या किल्ल्याला भिडल्या तेव्हा गादीवर होता बहादूर नावाचा लहान मुलगा, आणि त्याच्या मागं उभी होती त्याच्या आजोबांची बहीण चांदबीबी. १६०० साली चांदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. राजधानी गेली, राजा गेला. रीतीप्रमाणं गोष्ट इथंच संपायला हवी होती.

ती संपली नाही, याचं कारण मलिक अंबर. या हबशी सेनापतीनं घराण्यातला दुसरा वारस शोधला, त्याला मुर्तझा म्हणून परांड्याला गादीवर बसवलं, स्वतःची मुलगी त्याला दिली आणि नगर पडल्यावरही पुढची पंचवीस वर्षं निजामशाही चालवून दाखवली. तीसुद्धा मांडीच होती. पण अंबरनं ती जमिनीवर टेकवली होती. गावोगावच्या जमिनीची प्रतवारी लावून त्यानं सारा बसवला, म्हणजे पैसा आपल्याच रानातून येत होता. मराठे आणि हबशी स्वार त्याच्या शब्दावर चढत होते. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले, तेव्हा त्यानं दोघांनाही एकाच मैदानात झोपवलं. त्या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी पडले. १६२६ मध्ये अंबर गेला. त्याचा मुलगा फत्तेखान यानं पुढं गादीवरच्या निजामशहाला कैद करून मारलं आणि हुसेन नावाचं आणखी एक पोर गादीवर ठेवलं. १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं आणि हुसेनही ग्वाल्हेरला गेला.

आता खरोखरच काही उरलं नव्हतं. उरलं होतं फक्त नाव.

नाव म्हणजे काय, हे मोडकळीस आलेल्या राज्यातच नीट कळतं. गावच्या देशमुखाकडं वतनाचा कागद असतो, किल्लेदाराकडं नेमणुकीचं फर्मान असतं, सरदाराकडं जहागिरीची सनद असते. या सगळ्या कागदांवर शिक्का निजामशहाचा. शिक्केवालाच नाहीसा झाला तर ते कागद रद्दी होतात आणि नव्या धन्याच्या दारात पहिल्यापासून उभं राहावं लागतं. राजाची गरज म्हणून राजापेक्षा त्याच्या सनदा जवळ बाळगणाऱ्यांना जास्त होती. शहाजीराजांनी हे ओळखलं. जुन्नरजवळच्या जीवधन गडावर निजामशाही घराण्यातलं एक मूल अडकून पडलं होतं. ते त्यांनी सोडवलं, पेमगिरीवर आणलं, मुर्तझा या नावानं गादीवर बसवलं आणि गडाचं नाव शहागड ठेवलं.

शहाजीराजे स्वतःच का बसले नाहीत, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मला तो घाईचा वाटतो. ते बसले असते तर दुसऱ्या दिवशी बरोबरीचे दहा मराठे सरदार म्हणाले असते, मग आम्ही का नाही? मूल कुणाचंच नव्हतं, म्हणून सगळ्यांना चालत होतं. शिवाय मांडीवरच्या राजाची एक गंमत आहे. दरबारात आलेला माणूस राजापुढं वाकतो, पण राजा ज्याच्या मांडीवर आहे त्याच्यापुढंही तो त्याच मुजऱ्यात वाकलेला असतो. मुजरा एक, पोचणार दोघांना. कुणी तक्रार करायची सोय नाही.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. पण स्वतः शहाजीराजे तरी कुठं बसले होते?

त्यांच्याखाली विजापूर होतं. काही वर्षांपूर्वी ते मोगलांकडं गेले होते. सासरे लखुजी जाधवराव यांची दौलताबादेत भर दरबारात हत्या झाली, त्यानंतर निजामशाहीत राहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शाहजहाननं पाच हजारी मनसब दिली खरी, पण फत्तेखान शरण येताच शहाजीराजांना दिलेला मुलूख काढून फत्तेखानाला देऊन टाकला. ते उठले आणि विजापूरच्या आदिलशाहीकडं आले. तिथं वजीर खवासखान आणि त्याचा कारभारी मुरार जगदेव यांना मोगल आपल्या अंगावर येऊ नयेत असं वाटत होतं, आणि मधे निजामशाहीची भिंत उभी राहिली तर त्यांना ती हवीच होती. पेमगिरीच्या गादीला फौज आणि पैसा मिळाला तो इथून. भिंत बांधणाऱ्याला भिंतीवर प्रेम असावं लागत नाही. घर सुरक्षित राहिलं की झालं.

मुरार जगदेव हा माणूस तर लक्षात राहण्यासारखाच. तीनच वर्षांपूर्वी शहाजीराजांचं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचं ज्याच्याबद्दल सांगतात, तोच आता त्यांच्या पाठीशी उभा होता. याच मुरारनं १६३३ च्या सूर्यग्रहणात भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुलादान केलं. नागरगावचं तुळापूर झालं ते तेव्हापासून. हत्तीची तुला करायची होती, पण हत्ती पेलेल असा तराजू आणायचा कुठून? तेव्हा हत्तीला नावेत चढवलं, नाव जिथवर बुडाली तिथं खूण केली, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले आणि दगडांचं वजन केलं. ही युक्ती शहाजीराजांची, असं सांगतात. कुणाचीही असो, त्या वर्षी दख्खनमध्ये वजन मोजायची ती एकच सरळ रीत होती. त्या पोराच्या नावाचं वजन मात्र सगळे आपापल्या अंदाजानं मोजत होते. त्याचं स्वतःचं वजन कुणीच मोजलं नाही.

आणखी एक गोष्ट दरबारी गोष्टींत हरवते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. गावं ओस पडली, बैल मेले, बियाणं खाऊन संपलं. अंबरच्या वेळी ज्या रानातून सारा येत होता त्या रानात आता नांगर धरायला माणूस नव्हता. नाशिक, त्र्यंबक, संगमनेर, जुन्नर असा मोठा मुलूख शहाजीराजांनी त्या मुलाच्या नावानं ताब्यात आणला खरा, पण त्याच्या वसुलीवर एवढी फौज पोसणं अवघड होतं. म्हणजे मांडीखाली जी जमीन लागते ती या वेळी नव्हतीच. होती ती दुसऱ्याची मांडी.

आणि तो दुसरा उठला.

१६३५ मध्ये विजापूरच्या दरबारात खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले. मोगलांशी जुळवून घेणाऱ्या मुस्तफाखानाची चलती सुरू झाली. १६३६ च्या फेब्रुवारीत शाहजहान स्वतः दौलताबादला येऊन बसला. त्याच्या फौजा आदिलशाही मुलूख जाळत निघाल्या, आणि शाइस्ताखान संगमनेर-नाशिकच्या बाजूला उतरला. (तोच शाइस्ताखान. पुण्यात त्याची बोटं तुटायला अजून सत्तावीस वर्षं होती.) मे महिन्यात विजापूरनं तह केला. वीस लाखांची खंडणी आणि बादशहाचं वर्चस्व कबूल केलं, बदल्यात निजामशाहीचे लचके वाटून घेतले. पुणे, चाकण, परांडा, सोलापूर आणि कोकण विजापूरकडं गेलं. तहात शहाजीराजांचं नावही होतं. त्यांनी किल्ले मोगलांच्या हवाली केल्याशिवाय विजापूरनं त्यांना चाकरीत घ्यायचं नाही, असं कलम होतं. मुलाला गादीवर कुणी बसवलं होतं, याचा विषय त्या तहात निघाला नाही.

परक्याच्या बळावर बसवलेल्या राजांचं जगभर असंच होत आलंय. फ्रेंच फौजेच्या आधारावर १८६४ साली मेक्सिकोच्या गादीवर बसलेला ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन तीन वर्षांत एकटा पडला. तिसऱ्या नेपोलियननं सैन्य माघारी बोलावलं आणि १८६७ च्या जूनमध्ये केरेतारोला मॅक्सिमिलियनला गोळ्या घातल्या गेल्या. पण तो मोठा माणूस होता. फ्रेंच निघाले तेव्हा त्यांच्यामागून जहाजावर चढायचं की नाही हे त्यानं स्वतः ठरवलं, आणि तो चढला नाही. पेमगिरीच्या राजाला गादीवर बसायचं का, हे विचारलं गेलं नव्हतं, आणि उतरायचं का, हेही.

पावसाळ्यात शहाजीराजे डोंगर उतरून कोकणात गेले, फिरून घाटावर आले आणि शेवटी माहुलीच्या किल्ल्यात शिरले. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी मिळून वेढा घातला. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी या गादीला फौज दिली त्यांचीच फौज आता खाली दरवाजाशी होती. माहुलीत जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही होते, असं मानलं जातं. तसं असेल तर त्या पावसात एका तटाच्या आत दोन मुलं होती आणि दोघांच्याही भवितव्याचा निकाल एकाच बैठकीत लागला. इथून 'स्वराज्याचा धडा' काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. मला तो काढावासा वाटत नाही. त्या धड्याच्या उजेडात दुसरं मूल पुन्हा अंधारात जातं.

निकाल व्यवहाराचा होता. शहाजीराजांना विजापूरनं चाकरीत घ्यायचं, आणि पुणं आता विजापूरच्या वाटणीत असल्यामुळं जहागीरही सांभाळता येणार होती. बदल्यात मूल आणि किल्ले मोगलांना. किल्ल्यांच्या यादीत त्र्यंबक होता, हरिश्चंद्रगड होता आणि जीवधनही होता, जिथून ते मूल आणलं होतं. शहाजीराजांना दोष देणं सोपं आहे. पण निजामशाहीसाठी शेवटपर्यंत लढलेला माणूस दुसरा दाखवता येत नाही. खालची मांडी गेल्यावर ते काही महिने नुसत्या गुडघ्यांवर त्या मुलाला धरून होते. मग हात सोडले.

मुलाला ग्वाल्हेरला नेलं. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानं त्याची नोंद केली आहे, आणि त्या नोंदीत एक कोरडी माहिती आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातले दोन कैदी आधीपासून होते. एक दौलताबादला सापडलेला हुसेन. दुसरा अकबराच्या वेळी नगरच्या किल्ल्यात सापडलेला, म्हणजे चांदबीबीच्या भावाचा नातू बहादूर. तो असाच लहानपणी आणलेला होता आणि आता तिथं त्याला छत्तीस वर्षं झाली होती. त्याच्या शेजारच्या कोठडीत, किंवा दोन कोठड्या सोडून, हे तिसरं मूल येऊन राहिलं.