उधारीची वही

गंगाखेडात गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक किराणा दुकान होतं. मालकांना सगळे आबा म्हणत. जन्म तिथला, शाळा तिथली, लग्नाची वरातही त्याच गल्लीतून निघालेली. पंढरीची वारी सोडली तर आबा कधी गाव सोडून राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नगरपरिषदेची निवडणूक लागली तेव्हा गल्लीतलीच माणसं म्हणाली, "आबा, आता तुम्हीच उभं राहा."

प्रभागात दोन जागा होत्या. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे सोडतीत एक महिलांसाठी गेली आणि दुसरी सर्वसाधारण राहिली. घरपट्टी-नळपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, सगळं गोळा करून आबांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं कपबशी. पत्रकावर त्यांनी एकच ओळ छापून घेतली: 'प्रभागातला माणूस न् माणूस ओळखणारा.' ती बढाई नव्हती. त्यांना मनापासून तसं वाटत होतं, आणि ४० वर्षांच्या उधारीच्या वह्या त्याला साक्ष होत्या.

मतदार यादी आली त्या रात्री दुकान बंद करून त्यांनी नातीला समोर बसवलं. तिनं नाव वाचायचं, आबांनी घर सांगायचं, तिनं पेन्सिलीनं खूण करायची. पुरुषांची नावं सरसर गेली. कोणाचा पाय मोडला होता, कोणाचा पोरगा पुण्याला होता, सगळं आबांच्या तोंडावर. बायकांच्या नावांपाशी मात्र अडलं. नवऱ्याचं नाव ऐकलं की घर कळायचं, पण बाई डोळ्यांपुढं येईना. एका घरात तीन सुना, यादीत तीन नावं. कोणतं नाव कुणाचं ते लागेना.

त्यांनी वही ओढली. पानोपानी तेच होतं. गिरणीवाल्याची आई. शिंप्याची धाकटी सून. रिक्षावाल्याची बायको. ४० वर्षं गूळ, तेल, साखर याच बायकांनी नेली, आणे-पैसे साठवून उधारी याच बायकांनी फेडली, आणि वहीत एकीचंही नाव नव्हतं.

"आबा, आजीला तुम्ही काय म्हणून हाक मारता?" नातीनं सहज विचारलं.

आबा बोलले नाहीत. 'अगं' आणि 'ऐकलं का' यांवरच संसार झाला होता.

ही गोष्ट सांगताना मला देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवते, १९५१-५२ ची. याद्या करणारे दारात आले तेव्हा अनेक प्रांतांत बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची लेक, असंच लिहिलं गेलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी यादीतून गेल्या. निर्णय कठोर होता, पण मला तो बरोबर वाटतो. जिला मत आहे तिला नाव असलंच पाहिजे. सरकारी यादी तेव्हाच शहाणी झाली. घरं आणि दुकानं मागं राहिली. आणि हे गाव तर जनाबाईचं! स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणाऱ्या त्या बाईनं अभंगाच्या शेवटी आपलं 'जनी' हे नाव घातलं, म्हणून सातशे वर्षांनंतरही ते ओठांवर आहे.

आतून आजी आल्या, पदर खोचून बसल्या. "वाच गं पोरी." नात वाचत गेली, आजी सांगत गेल्या. ही बाळंतपणाला पालमला गेलीय. हिचं माहेर सोनपेठचं. ही नळाला पाणी येतं त्या रात्री सगळ्यांना उठवते. बाराच्या आत यादी संपली.

"तुला इतकं कसं ठाऊक?" आबांनी विचारलं.

"पाण्याच्या रांगेत नावानं हाक मारावी लागती," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आबा भोंगा न लावता यादी घेऊन दारोदार निघाले. प्रत्येक उंबऱ्यावर आधी बाईचं नाव घेत, मग नमस्कार करत. कुणी हसत, कुणी चपापून आत जात. सुताराच्या वाड्यात एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. आबांनी यादीतलं नाव वाचलं; गावाच्या नावात आहे तेच, नदीचं. सूप थांबलं.

"या नावानं माझा बाप हाक मारायचा," ती म्हणाली. मग नजर रोखून, "मत कुणाला द्यायचं ते मी बघीन. पर तुमच्या वहीत मला काय लिवलंय?"

वहीत 'सुताराची म्हातारी' होतं. आबांना ते उच्चारता येईना.

"उधारी मी फेडते न्हवं? मग माझंच नाव लिवा."

मतदान चार दिवसांवर होतं. कार्यकर्ते ओट्यावर ताटकळत होते, समोरच्यांच्या जेवणावळी चालू होत्या. आबांनी नवी वही काढली आणि आजींना शेजारी बसवून एकेक खातं नव्यानं उतरवायला घेतलं. दोन रात्री त्यात गेल्या. "आबा, हे निवडणुकीनंतर करा ना," पोरं कळवळून सांगत होती. आबा म्हणाले, "नंतर केलं तर ते हिशोबाचं काम होईल."

आबा पडले. फार फरकानं नाही, पण पडले.

निकालाच्या संध्याकाळी दुकान रोजच्या वेळी उघडलं. डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण सून आली. अर्धा किलो गूळ, चहापत्तीचा एक पुडा. आबांनी गूळ तोलला, वही उघडली.

"कुणाच्या नावावर लिहू?"

तिनं क्षणभर मागं वळून गल्लीकडं पाहिलं. मग आपलं नाव सांगितलं आणि ते कसं लिहितात ते पाहायला गल्ल्यावर वाकली.

"आबा, शहामृगातला नाही," ती म्हणाली, "पोटफोड्या ष."

आबांनी अक्षर खोडलं आणि नीट लिहिलं.