बंदूक उशाखाली की कुलपात?



गेल्या अभ्यासवर्गात खैरलांजीचा विषय निघाला. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. घरात आई, मुलगी, दोन मुलं. दारात जमाव. चौघंही संपवली. हे आपल्याला पाठ आहे, तरी दरवेळी सांगताना घसा दाटतो. मागच्या रांगेतला एक पोरगा ताडकन उठला, म्हणाला, "भाषणं पुरे झाली. ॲट्रॉसिटीच्या नियमांत लिहून ठेवलंय. लायसन मागा, घरात बंदूक ठेवा." टाळ्या पडल्या. तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक बाई, मांडीवर लेकरू, हळूच म्हणाली, "ठेवा की. पण दहा बाय दहाच्या खोलीत ठेवणार कुठं, ते सांगा."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते. तिनं विचारलं त्याचं उत्तर आपल्यातल्या एकाकडेही नव्हतं.

पोरगा खोटं बोलत नव्हता. १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम काढून बघा. जिथं अत्याचार होण्याचा संभव आहे तिथं इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारं जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना परवाने द्यावेत, असं तिथं छापलेलं आहे. कलेक्टर कचेरीत तो कागद कसा हलवायचा हा वेगळा लढा. आज मी धरून चालतो की कागद हलला, लायसन मिळालं, बंदूक घरी आली. पुढं काय?

पुढं त्या बाईचा प्रश्न. हाताशी ठेवावी तर ती सगळ्यांच्याच हाताशी. पोराच्या हाताशी, दारू पिऊन आलेल्या भावाच्या हाताशी, परीक्षेत नापास झालेल्या पोरीच्या हाताशी. कुलपात ठेवावी तर मध्यरात्री दारावर लाथ बसली की किल्ली शोधण्यात जीव जायचा. बंदुकीला घरचा-दारचा कळत नाही. ती ज्याच्या हातात त्याची. म्हणून ती कुठं ठेवायची हा नुसता सुताराचा प्रश्न राहत नाही. घरातल्या कुणाच्या जिवाची जबाबदारी कुणावर, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आपल्या घरांत बंदुका नाहीत, म्हणून आपण यावर विचार केलेला नाही. ज्यांनी केला ती माणसं अमेरिकेतली काळी माणसं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव त्यांच्याच ब्लॅक पँथरवरून घेतलं. नाव घेतलं, आवेश घेतला. त्यांच्या घरात रात्री काय चालायचं ते मात्र आपण फारसं विचारलं नाही.

१८९२ साली आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईनं लिहिलं की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असली पाहिजे. झुंडी माणसं झाडाला टांगत होत्या नि पोलिस बघत उभे होते, तो काळ. तिचं म्हणणं खोटं कोण म्हणेल? पण मानाची जागा म्हणजे घरातली नेमकी कुठली जागा?

रोझा पार्क्स आपल्याला माहीत आहे, १९५५ साली मंटगोमेरीत बसमधली सीट न सोडणारी. ती लहान असताना, १९१९ च्या सुमारास, क्लॅनवाल्यांच्या धाडी चालल्या होत्या. तिचे आजोबा रात्रभर खुर्चीत बसायचे, बंदूक शेजारी. सहा वर्षांची ही पोर त्यांच्या पायाशी जमिनीवर. ही एक जागा झाली. बंदूक हाताशी होती, आणि हात जागा होता. ज्याच्या ताब्यात ती होती तो माणूस डोळे मिटत नव्हता.

आता दुसरं घर बघा. ३० जानेवारी १९५६ ला मंटगोमेरीतच मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब टाकला. तो सभेला गेलेला. घरात बायको कोरेटा आणि जेमतेम अडीच महिन्यांची योलांडा. दोघी वाचल्या. किंगनं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला. घराभोवती पहारे बसले, घरात हत्यारं आली. फेब्रुवारीत बेयर्ड रस्टिन हा कार्यकर्ता विल्यम वर्दी नावाच्या पत्रकाराला घेऊन तिथं गेला. वर्दी खुर्चीत बसणार, एवढ्यात रस्टिन ओरडला, खुर्चीत पिस्तूल आहे म्हणून. बसला असता तर?

त्या खुर्चीवरून माझं मन हलत नाही. ज्या घरात तान्ही पोर आहे त्या घरात भरलेलं हत्यार खुर्चीत पडून राहतं. निष्काळजी माणसाचं घर नव्हतं ते. घाबरलेल्या माणसाचं घर होतं. भीतीनं हत्यार हाताशी आणलं, आणि माणसांची वर्दळ असलेल्या घरात ते कुणाच्याच ताब्यात राहिलं नाही. पुढं किंग आणि कोरेटानं आपलं पिस्तूल घराबाहेर काढलं. किंगसारखं तुम्हीही करा असं मी म्हणत नाही. खुर्ची लक्षात ठेवा एवढंच म्हणतो.

आता आकडे. १९८६ साली सिॲटल शहराच्या परिसरातला एक अभ्यास छापून आला. घरात ठेवलेल्या बंदुकीनं स्वसंरक्षणात मारलेला एक माणूस, तर तिथंच आत्महत्या, खून, अपघात मिळून त्रेचाळीस. त्या त्रेचाळीसातल्या सदतीस आत्महत्या. बंदूक नुसती दाखवून पळवून लावलेले त्यात मोजलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तरी हिशेब कुणीकडं झुकतो ते दिसतं. आजही अमेरिकेत बंदुकीनं जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं मरतात. आणि २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या हाताशी बंदूक असली तर बायकोचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. भिंतीजवळची ती बाई हे आकडे न वाचता ओळखून होती. घराचं रक्षण म्हणताना आपण घर एकजीव धरतो. घरातल्या बाईला ते तसं धरता येत नाही.

इथं मला बाबासाहेब आठवतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेवर लिहिताना ते सांगतात की मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टींत बुद्धानं फरक केला. इच्छेला धम्मात जागा नाही. गरजेचं काय, ते माणसानं विवेकानं ठरवायचं. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियमाचं ओझं होतं, तत्त्वात विचाराला मोकळीक राहते. आपण हे परीक्षेपुरतं वाचतो. बंदूक दारात आली की त्याचा अर्थ लागतो.

कारण इच्छा आणि गरज ओळखायची कशी? वेळ जाऊ द्या, म्हणजे कळतं. राग घटकाभरात निवतो. जीव नकोसा झालेल्या माणसाची ती वेळ टळली तर तो पुष्कळदा जगतो. २००१ साली ह्यूस्टन शहरातला एक अभ्यास आला. मरता मरता वाचलेल्या तरुणांना विचारलं, ठरवणं आणि करणं यात किती वेळ गेला? चारातल्या एकानं सांगितलं, पाच मिनिटांपेक्षा कमी. आपल्या खेड्यांना हे नवीन नाही. फवारणीच्या औषधाची बाटली फळीवर होती म्हणून गेलेली माणसं प्रत्येक वस्तीत आहेत. तीच बाटली कुलपात असती तर त्यातली काही आज आपल्यात बसली असती.

दारात आलेला जमाव मात्र पाच मिनिटांनी निवत नाही. तो उभाच असतो.

म्हणून कुलूप काय करतं? ते इच्छा आणि गरज यांच्यामध्ये वेळ ठेवतं. इच्छा त्या वेळात विरते, गरज टिकून राहते. लोखंडाच्या तुकड्याकडून धम्माचं एवढं काम होत असेल तर त्याला भित्र्याचं लक्षण का म्हणायचं?

आता कुणी म्हणेल, अहो, पण मी तेवढ्या वेळात मरेन त्याचं काय? रास्त आहे. त्याची दोन उत्तरं आहेत, एक लोखंडाचं आणि एक माणसांचं.

लोखंडाचं आधी. अमेरिकेत बिछान्याशेजारी ठेवायच्या छोट्या पोलादी पेट्या मिळतात, भिंतीला किंवा खाटेला बोल्टनं आवळलेल्या. अंधारात बोटानं चाचपून चार-पाच बटणं दाबली की काही सेकंदांत उघडतात. बॅटरी संपते, म्हणून वेगळी किल्ली असते, आणि ती किल्ली मालकाच्या अंगावर पाहिजे, देवळीत किंवा डब्यात नव्हे. लांब बंदुकीला पोलादी कपाट. २००५ च्या एका अभ्यासानुसार बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी, या चारांपैकी प्रत्येक सवयीनं पोरांच्या आत्महत्या आणि अपघात यांचा धोका कमी झालेला दिसला. भरलेल्या बंदुकीच्या घोड्याला कुलूप घालू नये, घालतानाच ती उडू शकते. लपवून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. अलाबामात आईबापांना विचारलं, ते म्हणाले पोरांना जागा माहीत नाही. पोरांना वेगळं विचारलं, तर शंभरातल्या एकोणचाळीसांनी जागा सांगितली. २००६ साली छापलेली गोष्ट आहे. नियम एकच: बंदूक एक तर जाग्या माणसाच्या अंगावर, नाही तर कुलपात. तिसरी जागा नाही. उशी नाही, माळा नाही, खुर्ची नाही. आणि घरात कुणाचं मन खचलं असेल, दारू वाढली असेल, तर बंदूक घरातच नको. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं ती जमा करता येते. शेजाऱ्याकडं ठेवाल तर बिनपरवाना हत्याराचा गुन्हा अंगावर येईल.

काही मित्र म्हणतील, कुलपाची भाषा सरकारची आहे. खरंय, सरकार कुणाला निःशस्त्र करतं ते आपण बघितलंय. ओकलंडमध्ये पँथर भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत रस्त्यावर फिरू लागले, तर १९६७ साली कॅलिफोर्नियानं तसं फिरण्यावरच बंदी घातली. सही गव्हर्नर रेगनची. आणि घरातली बंदूक खोलून नाही तर घोड्याला कुलूप घालून ठेवायलाच लावणारा वॉशिंग्टन शहराचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टानं २००८ साली पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला, अडचणीत ती वापरता येणार नाही म्हणून. मला यातून एवढंच घ्यायचं आहे की सरकारनं लावलेलं आणि किल्ली सरकारकडं असलेलं कुलूप वेगळं. आपण होऊन लावलेलं, आपली किल्ली आपल्याकडं असलेलं कुलूप वेगळं. पहिल्याशी भांडा. दुसऱ्याला लाजू नका.

आता माणसांचं उत्तर, तेच मोठं. लुइझियानातलं बोगालुसा गाव. कागदाच्या गिरणीतला कामगार रॉबर्ट हिक्स. १ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री त्याच्या घरी चळवळीतले दोन गोरे कार्यकर्ते मुक्कामाला होते. पोलिस आले, म्हणाले, जमाव येतोय, यांना बाहेर काढ, आम्ही तुझं रक्षण करू शकत नाही. हिक्स नवरा-बायकोनं पाहुणे काढले नाहीत. फोन उचलला. थोड्या वेळात शेजारपाजारचे काळे लोक हत्यारं घेऊन घरात हजर. जमाव आलाच नाही. पुढं त्याच महिन्यात गावात 'डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस'ची शाखा निघाली. ती संघटना १९६४ साली त्याच राज्यात जोन्सबरोत सुरू झालेली. पुष्कळजण माजी सैनिक. रात्रीच्या गस्ती, हातात वॉकीटॉकी, पाळ्या लावलेल्या.

बघा, त्या रात्री हिक्सच्या घराला वेळ कुणी मिळवून दिला? फोननं आणि शेजाऱ्यांनी. ज्याच्या वस्तीत कुणीतरी जागं आहे त्याला उशाखाली बंदूक घेऊन झोपावं लागत नाही. पेटी उघडायला लागणारे सेकंद तो पहारेकऱ्याच्या शिट्टीतून कमावतो. एकटा माणूस ते सेकंद आपल्या पोराच्या जिवातून काढतो.

आपल्याकडंही माजी सैनिक होते. २० मार्च १९२७ ला महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा हात शिवशिवणारे पेन्शनर शिपाई तिथं होते. बाबासाहेबांनी त्यांना थोपवून धरलं. ती ताकद होती, आणि ती ताब्यात होती. ताब्यात नसलेल्या ताकदीला मी खुर्चीतलं पिस्तूल म्हणतो.

तर त्या बाईला माझं उत्तर असं. ताई, ज्या घरात मारझोड आहे त्या घराला लायसनसाठी संघटनेनं शिफारस करायची नाही. जिथं बंदूक येईल तिथं आधी पेटी येईल, मग बंदूक. किल्ली कुणाकडं, हे तुमच्यासमोर ठरेल. आणि लायसनचा अर्ज लिहायच्या आधी वस्तीचे फोन नंबर एका कागदावर लिहायचे, दिवे लावून घ्यायचे, कडीकोयंडे बघायचे, रात्रीच्या पाळ्या लावायच्या.

पुढच्या रविवारी वही घेऊन येतोय. टाळ्या वाजवणाऱ्यांनी पहिली नावं द्यावीत. रात्री दोन ते चार जागायला कोण आहे?